ड्रायव्हरांचं दुखणं

ट्रकवर अख्खी हयात घालवलेल्या त्या ड्रायव्हरला संडासाच्या वेळी रक्त पडायला लागलं, तेव्हा त्यानं ते फारसं मनावर घेतलं नाही. मूळव्याध म्हणजे ड्रायव्हरांचं घरचंच दुखणं. ट्रकच्या अड्ड्यावर निम्म्यांच्या सीटवर भोकाची उशी होती, आणि ज्याचं मलम संपलं तो खुशाल दुसऱ्याचं मागून घ्यायचा. तिथे हे दुखणं त्यानं मोकळेपणानं सांगितलं. आपल्याला एचआयव्ही असल्याचं मात्र कधी तोंडातून काढलं नाही.

एचआयव्हीच्या दवाखान्यात नेमकं उलट. गोळ्या तो न चुकवता घ्यायचा, रिपोर्टही चांगले यायचे. डॉक्टरीणबाई दर वेळी विचारायच्या, "आणखी काही त्रास?"

"छे," तो म्हणायचा. ड्रायव्हरांचं दुखणं इथे कशाला उगाळायचं?

बसणंच अशक्य झालं तेव्हा कुठे त्यानं सांगितलं. बाईंनी तपासलं, तुकडा काढून तपासणीला पाठवला. गुदद्वाराचा कॅन्सर निघाला.

"एचआयव्ही असला की याचा धोका जास्त असतो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर विचारत होते हो."

तो अड्ड्यावर परतला आणि ट्रकला टेकून उभा राहिला. शेजारी त्याचा जुना जोडीदार आपली उशी झटकत होता.

"एकदा डॉक्टरला दाखवून ये रे," तो थकल्या आवाजात जोडीदाराला म्हणाला.

"ती काय दाखवायची जागा आहे?" जोडीदार म्हणाला, आणि अख्खा अड्डा खो खो हसला.

हा विनोद मूळचा ट्रकला टेकलेल्या त्या ड्रायव्हरचाच होता. इतकी वर्षं तो स्वतःच हा सगळ्यांना ऐकवत आला होता.