तिखट वकील आणि ‘बरं हाय’

तिखट वकिलांसमोर ‘बरं हाय’ म्हणायची सोय नव्हती. पुसदच्या कोर्टासमोर त्यांची खोली होती. अपघातात सापडलेली माणसं तिथं कुबडीवर यायची, गळ्यात हात बांधून यायची, आणि ‘कसं आहे?’ विचारलं की सवयीनं ‘बरं हाय’ म्हणायची. मग साहेब भडकायचे. “बरं हाय तं इथं कायले आले? जा घरी, आराम करा.” आवाज बाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा. त्यांचं खरं नाव फारसं कोणी घेत नसे.

माझ्या आईला बाजारातून येताना ट्रकनं उडवलं. उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर कधी गेलाच नाही. भरपाईचा दावा साहेबांनी चालवला. “डॉक्टर हाडाचं सांगते. हाताचं तुमालेच सांगा लागते,” ते आईला म्हणायचे. कापूस वेचता येतो का, पदर डोक्यावर घेता येतो का, कोणत्या कुशीवर झोपता, सारं पुन्हा पुन्हा विचारायचे. आई अवघडून माझ्याकडे बघायची. आपलं दुखणं परक्याला सांगणं तिला भीक मागितल्यासारखं वाटे. त्यावर साहेब आणखी चिडायचे. “ज्यानं ठोकलं त्याले लाज नाही, अन् तुमाले काहून?”

साक्षीच्या दिवशी विमा कंपनीचा वकील उलटतपासणीला उठला. तो माणूस आठवला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अगदी घरच्यासारखं, मऊ आवाजात त्यानं विचारलं, “काकू, आता कशी आहे तब्येत?” कुणी आपुलकीनं विचारलं की आई जन्मभर जे म्हणत आली, तेच म्हणाली.

“बरं हाय जी.”

ते लगेच नोंदवून घेतलं गेलं आणि तो खाली बसला. माणसाच्या चांगल्या वळणाचा असा फास करणाऱ्याला रात्री झोप तरी कशी लागते?

साहेब लालबुंद होऊन उठले. मला वाटलं, आता आईची खैर नाही. पण फेरतपासणीत त्यांनी हळूच विचारलं, “ताई, आज तुमची वेणी कोणं घातली?”

आईचा डावा हात वेणीकडे गेला. मग म्हणाली, “पोरानं. माया हात मांगं जात नाही. दुखते जी. लय दुखते.” त्यानंतर ती थांबेना.

कंपनी देऊ करत होती त्याहून कितीतरी जास्त भरपाई मिळाली. पण त्यासाठी आईला भर कोर्टात रडावं लागलं, हा राग माझा गेलेला नाही. साहेबांचाही गेला नव्हता. “मोडलेलं साऱ्याईले दिसते,” ते म्हणायचे, “तरी पुरावा मोडलेल्यानंच द्याचा.”

गेल्या हिवाळ्यात साहेबांनी अंथरूण धरलं. पोटाचा आजार होता. आईला घेऊन मी भेटायला गेलो. गालफडं बसली होती, तो आवाजही उरला नव्हता. आईनं विचारलं, “कसं हाय साहेब?”

“बरं हाय, ताई.”

आईला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. “शपथेवर सांगा,” ती म्हणाली.

साहेबांनी भिंतीकडे तोंड वळवलं. “दुखून राह्यलं, ताई. लय दुखून राह्यलं.”

मग ते सांगत राहिले, आणि आई डाव्या हातानं त्यांचे पाय चेपत ऐकत बसली. ती शेवटची भेट.