चारूकाकांचा एकुलता एक अनुयायी

दुबईत अल नहदाच्या आमच्या टॉवरमध्ये माझ्या शेजारी राहणारे चारुदत्त, म्हणजे चारूकाका, एसीचे डक्ट बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतात. तो पोटाचा धंदा. जन्माचा धंदा म्हणजे लशीला विरोध. कुठल्याशा रद्दीत त्यांना शंभर वर्षांपूर्वीच्या एका मिशाळ इंग्रजाचा फोटो सापडला. लस टोचून घेणार नाही म्हणून हा गृहस्थ जन्मभर दंड भरत हिंडला, असं खाली छापलं होतं. काकांनी तो फ्रेम करून हॉलमध्ये लावला. अनुराधाकाकू दसऱ्याला त्याला हार घालतात; त्यांना तो काकांचा जुना साहेब वाटतो.

काकांचं तत्त्वज्ञानही अजब. व्हिसाच्या मेडिकलला रक्त खुशाल देतात, कारण "बाहेर जातं ते दान, आत येतं ते आक्रमण." कोविडात कंपनीने फर्मान काढलं, लस नाही तर दर आठवड्याला टेस्ट. या माणसाने हसत हसत दर आठवड्याला नाकात काडी घालून घेतली, पण दंडात सुई घेतली नाही.

प्रचाराची जागा मात्र त्यांनी बरोबर हेरली होती. क्रीक, म्हणजे दुबईची खाडी, ओलांडून बर दुबईला नेणारी होडी, आमची अब्रा. "चहूकडे पाणी. श्रोता पळेल कुठे?" भाषण पलीकडचा धक्का येईपर्यंत नेमकं पुरायचं. धक्का लागला की लोक "यल्ला चाचा, खलास" म्हणत उड्या टाकून पसार. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एकही माणूस पटला नाही, याचं मला फार समाधान होतं.

मग शेजारच्या शारजात अल मजाजला राहणाऱ्या त्यांच्या मुलीला, वैभवीला, मुलगी झाली. समिधा. तान्ह्या बाळाला डांग्या खोकला जिवावर बेततो, तेव्हा घरच्या मोठ्यांनी बूस्टर घ्या, असं डॉक्टरांनी सगळ्यांना, मलाही, बसवून समजावलं. सगळ्यांनी घेतला, काका सोडून.

"बाबा, नो शॉट, नो लॅप. खलास," वैभवी म्हणाली.

तेव्हापासून काका तिच्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला मास्क लावून बसायचे आणि तिथून नातीला व्हिडिओ कॉल करायचे. मला आधी हसू यायचं, मग वाईट वाटायचं, आणि मग या हट्टी म्हाताऱ्याचा भयंकर राग यायचा.

समिधाचे कान टोचायचं ठरलं. कान टोचताना बाळ मामाच्या मांडीवर बसतं. वैभवीला भाऊ नाही, म्हणून मांडी आजोबांची, असं काकांनी तिच्या डोहाळजेवणातच जाहीर करून ठेवलं होतं. पण ऐनवेळी मामा म्हणून मला बसवलं, कारण मी टोचलेला. मीना बाजारातल्या रामेश्वर सोनाराच्या दुकानात मी बाळ घेऊन बसलो आणि काका बाहेर काचेला नाक लावून उभे. इतकं अपराधी मला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं.

रामेश्वरने बाळाकडे पाहिलं, काचेपलीकडे पाहिलं आणि हात जोडले. "माफ करा. मी सुई सोडली."

"सोडली म्हणजे?" काका दार उघडून ओरडले.

"तुम्हीच अब्रात बोलता ना काका, अंगात सुई म्हणजे पाप? मी रोज ऐकतो. दिल को लग गया. आता फक्त चापाच्या बाळ्या विकतो."

इतक्या वर्षांत पटलेला पहिला माणूस! काकांचा चेहरा फुलला आणि फुलता फुलता सुकला. मग ते दारातच भाषणाला उभे राहिले.

"अरे वेड्या, टोचतं क्षणभर, उपयोग जन्मभर! पोर दोन मिनिटं रडेल, मग विसरेल. इतक्या लोकांनी टोचून घेतलं, कुणाचं काय बिघडलं? सुई स्वच्छ असली की झालं, हबीबी!"

हे भाषण मी आधी ऐकलं होतं. वैभवीच्या डॉक्टरांनी काकांना केलं होतं, जवळजवळ याच शब्दांत.

रामेश्वर भक्तिभावाने ऐकत होता. "पटलं, काका. पण आधी तुम्ही टोचून या. गुरूने घेतली की चेल्याला हिंमत येते."

समिधाने काकांकडे पाहून बोळकं पसरलं. काका वळले आणि गर्दीत दिसेनासे झाले. बऱ्याच वेळाने परतले तेव्हा बाही वर होती आणि दंडावर कापसाचा बोळा.

"द्या आता," ते म्हणाले.

"बाबा, इफेक्ट यायला दोन आठवडे लागतात."

काकांचे पुढे केलेले हात तसेच राहिले. वैभवीने ते पाहिले. "मग दोन आठवड्यांनीच टोचू," ती म्हणाली. "तुमच्याच मांडीवर. घाई कुणाला आहे?" मी उगाच बाळ्यांचा भाव विचारला.

दोन आठवड्यांनी रामेश्वरने कान टोचले. समिधा रडली, काका तिच्याहून मोठ्याने रडले. सोनाराने दोघांचेही कान टोचले, असं काकू अजून म्हणतात.

परतताना आम्ही अब्रात बसलो. होडी भरली, निघाली, क्रीकच्या मध्यावर आली. काका गप्पच.

"चाचा, आज लेक्चर नहीं?" होडीवाल्याने विचारलं.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. मांडीवर समिधा झोपली होती.