दहा थेंब आणि देवळालीची मावशी

या वर्षी पेसाहच्या सणाला देवळाली कॅम्पला जायचंच ठरवलं, कारण पोटात बातमी मावत नव्हती. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला संस्थेनं घरी बसवलं! अकरा वर्षं या बाईनं माझा जीव खाल्ला. सोमवारी स्टाफरूममध्ये पार्टी, आणि तिची नक्कल मी करणार होते. मिलका मावशीला हे समोरासमोर सांगायचं होतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. बुधवारी पहाटे ठाण्याहून एसटी पकडली. कसारा घाटात ट्रकची रांग, तरी नऊपर्यंत नाशिक. तुम्ही गेलात तर उतरल्याबरोबर काळ्या मसाल्याची मिसळ खा, शंभर-सव्वाशेत पोट भरतं. मी दोन पाव जास्त घेतले, कारण त्या सकाळनंतर आठ दिवस खमिराचं काही चालत नाही. वाढणारे दादा म्हणाले, "ताई, उपाशी गावाला चालल्या का?"

पुढे सिटी बसनं देवळाली. झाडांचे शांत रस्ते, आणि मधूनच तोफांच्या सरावाचा धडाका. पाहुणा दचकतो, मावशी चहा गाळत राहते.

मावशी अठ्ठ्याहत्तरची, निवृत्त नर्स. काळे मनुके भिजवून तिनं सरबत केलं होतं. आमच्यात वाइनऐवजी तेच. संध्याकाळी टेबलाशी आम्ही दोघी आणि शेजारच्या साळवे काकू. आमचे पूर्वज मिसरातून, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून, सुटल्याची गोष्ट वाचायची आणि मिसरावर आलेल्या दहा पीडांच्या प्रत्येक नावाला बोट बुडवून पेल्यातला एक थेंब बशीत टाकायचा. दहावा टाकला आणि मी बोट चाटलं. गोड होतं हो!

मावशीनं हातावर फटका दिला. "चाटतेस काय? लोकांचं दुःख आहे ते."

"पण मिलकाताई," साळवे काकू म्हणाल्या, "एवढा छळ केला त्या राजानं. सैन्यासकट समुद्रात बुडाला तर आनंद का नको?"

"आपण सुटलो त्याचा करायचाच की. गातोसुद्धा. पण देवदूत गायला लागले तेव्हा देवानं त्यांना गप्प केलं. बुडणारीही त्याचीच माणसं. म्हणून पेला थोडा कमी करायचा."

"मग पुरीमच्या सणाला आपल्या जिवावर उठलेल्या त्या हामान प्रधानाच्या नावानं पाय आपटतो, ते?" मी विचारलं.

"ते मला नको विचारूस. त्यावर मोठमोठे विद्वान भांडलेत. तुझी बातमी काय ती सांग."

मी नकलेसकट सांगितली. काकू हसल्या, मावशीही पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "घरी कोण कोण असतं गं तिच्या?"

मला माहीत नव्हतं. अकरा वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

रविवारी परतले. परत येताना कॅम्पच्या बाजारातून मनुके जरूर आणा, मी किलोभर आणले. मावशीच्या हातच्या मटणाची चव अजून जिभेवर आहे, आणि चार दिवस झोपही छान लागली.

सोमवारी सगळ्या ओरडल्या, "चल, कर नक्कल!" मी म्हटलं, "आपण सुटलो, त्याचा आनंद आहे. नक्कल नको." मग लिंबू सरबताच्या ग्लासात बोट बुडवून एक थेंब कागदी बशीत टाकला.

"माशी पडली का गं?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"नाही, आपल्या मॅडम," म्हटलं, आणि बोट रुमालाला पुसलं.