कापसाचं लंघन

बेकरीच्या भट्टीसमोर ज्याची उमर गेली, त्याला सगळी गल्ली भट्टीवालाच म्हणायची. हातांवरचे केस कधीच जळून गेलेले, भुवया अर्ध्याच उरलेल्या. माणूस तोंडाने फटकळ, पण कुणी उपाशी दिसलं की त्याचा जीव खालीवर व्हायचा. दारात कुत्रं आलं, टाक तुकडा. जावई रुसला, दे पिशवीभर बिस्किटं. माया म्हणजे समोरच्याच्या तोंडात काहीतरी कोंबणं, एवढंच त्याला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर त्याचं सगळं निभावलंही होतं.

बायकोचा ससा मात्र त्याच्या डोक्यात जायचा. कापूस त्याचं नाव. मुलगी सासरी गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा तिने तो आणला आणि पोटच्या पोरासारखा वाढवला. पण लाड कसले, तर दिवसभर वाळकं गवत आणि वर चिमूटभर पाला. सकाळी उठून आधी त्याच्या लेंड्या बघायच्या. टपोऱ्या, कोरड्या दिसल्या की मगच हिच्या घशाखाली चहा उतरायचा.

"अगं, बेकरीवाल्याच्या घरात राहून बिचारा गवत चघळतोय," तो म्हणायचा. "लोक मला नावं ठेवतील."

मग तिच्याच पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलात निघताना तिने बजावलं, "अहो, त्याला गवतच. पाव घालाल तर बघा."

"नाही घालत गं बाई," तो म्हणाला, आणि त्या वेळी त्याच्या मनात खरंच तसं नव्हतं.

पण ती हॉस्पिटलात गेली आणि कापूस कोपरा धरून बसला. गवताला नुसतं तोंड लावायचा. भट्टीवाल्याला ते बघवलं नाही. त्याने पावाची कड पुढे केली आणि सशाने ती बघता बघता फस्त केली. भट्टीवाल्याला कोण आनंद झाला. मग काय, सकाळी पाव, संध्याकाळी मोडकी बिस्किटं. ऑपरेशननंतर बायकोने पहिला प्रश्न विचारला तो सशाचा.

"खातोय ना हो?"

"खातोय? हाणतोय नुसता."

ती हसली. त्या हसण्यापुढे त्याला गवताची आठवण कशाला राहते? लेंड्या बारीक झाल्या, मग तुरळक झाल्या. तिकडे बघायची त्याला सवयच नव्हती.

एके सकाळी कापसाने पावालाही तोंड लावलं नाही. पाठीला पोक काढून बसला आणि दात करकर वाजवू लागला. पोट बिघडलं, हे भट्टीवाल्याने बरोबर ओळखलं. पण उपाय काढला तो आईच्या हातचा. लहानपणी पोट बिघडलं की आई सक्तीचं लंघन घडवायची आणि पोरं खडखडीत बरी व्हायची. त्याने पाव काढला, बिस्किटं काढली आणि शहाणपणाच्या भरात गवतही उचललं. पाण्याची वाटी तेवढी ठेवली. या वेळी आपण मन घट्ट केलं, याचं त्याला समाधानच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सशाचे कान गार लागले, तेव्हा त्याचं धाबं दणाणलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. ते फुगून घट्ट झालं होतं. नळी लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"उपाशी कधीपासून आहे?"

"कालपासून. मीच ठेवलाय. म्हटलं, पोटाला आराम."

त्यांनी कानातून नळी काढली. "काका, सशाच्या पोटाला आराम चालत नाही. गवत सतत आत जात राहिलं तरच पोट ते पुढे ढकलतं. पावाने ते मंदावलं होतं, उपासाने पार थांबलं."

इंजेक्शनं झाली. वाटलेल्या गवताची पातळ लापशी पिचकारीने भरवायला दिली. दुपारभर तो सशाला मांडीवर घेऊन, मैदा मळून राठ झालेल्या बोटांनी जमेल तितक्या हळुवारपणे त्याचं पोट चोळत राहिला. लापशी ओठांच्या कडेने बाहेर येत होती. ऊन उतरायच्या आत कापूस गेला.

हॉस्पिटलात सांगायची त्याची छाती झाली नाही. ती घरी आली आणि तिने रिकामा पिंजरा पाहिला.

"पाव घातलात?"

"घातला. आणि मग उपाशी ठेवला."

"शेवटी काही खाल्लं त्याने?"

"नाही."

ती पलंगावर बसली. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तिला आता पातळ सूप द्यायचं होतं, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. त्याने वाटी आणली, चमचा भरला, तिच्या ओठांपर्यंत नेला आणि हात तिथेच थबकला.

"घट्ट तर नाही ना झालं? डॉक्टर किती म्हणाले होते? जास्त झालं तर?"

चमचा त्याने परत वाटीत रिकामा केला. त्याने पुन्हा भरला, पुन्हा तेच. साऱ्या गल्लीला खाऊ घातलेल्या त्या माणसाला आज एक घास भरवायची भीती वाटत होती.

मग तिने त्याच्या हातातून वाटी काढून घेतली.

"द्या इकडे. माझं मी खाते," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून खाऊ लागली.