आठ लिटरात सिल्लोड

आरटीओ ऑफिससमोरून जाताना ती बुटकी लाल गाडी आजही माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं आता विसरलोय. पण एका सरळ माणसाच्या अटकेचा कागद मी स्वतःच्या हातानं भरायला घेतला होता आणि तो अर्धाच राहिला, हे आठवलं की अजून हायसं वाटतं. कुणाचं नाव लिहीत नाही. ती माणसं शहरातच आहेत आणि अधूनमधून मला चहाला बोलावतात.

निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं होतं. छावणीजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, रात्रपाळीची माणसं घरी निघाली होती, आणि मी चहाचा कप तोंडाला लावतोय तोच एक तिशीतला तरुण आत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, चेहरा रडवेला.

"साहेब, माझ्या गाडीचं इंजिन चोरीला गेलंय."

"गाडी कुठंय?"

"आरटीओत उभी आहे."

"तिथं कशी नेली?"

"चालवत नेली."

माझा हवालदार खाली मान घालून हसला. मी त्याच्याकडे डोळे वटारले, पण खरं सांगायचं तर मलाही हसू आवरत नव्हतं.

प्रकार असा होता. तरुणाचे वडील सिल्लोडच्या बाजारात कापसाचा व्यापार करायचे, घर मात्र इथंच शहरात. त्यांनी हौसेनं मुंबईहून ही जुनी परदेशी गाडी आणली होती. दोन दरवाजे, दोन माणसांची जागा, जमिनीला टेकलेली. ती नवी घेणाऱ्याला जेवढा ताप झाला नसेल, तेवढा जुनी पोसणाऱ्याला होतो. टायर मुंबईहून मागवा, विमा उतरवायला कंपनीच्या दारात उभे राहा, आपल्या गतिरोधकांवर पोट घासलं की मिस्त्री गाठा. शिवाय पंधरा वर्षं उलटली की दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. वडील दोन वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेले. आई त्याआधीच गेलेली. परदेशी शिकायला असलेला हा एकुलता एक मुलगा परत आला, व्यवसाय सांभाळू लागला. नूतनीकरणाची मुदत आली तेव्हा कर भरायची तयारी ठेवून तो गाडी तपासणीला घेऊन गेला.

तपासणीत चेसिस आणि इंजिनच्या नंबरवर कागद धरून वरून पेन्सिल घासतात. आकडे कागदावर उमटतात. मग ते नोंदणीशी ताडून बघायचे. चेसिसचा नंबर जुळला, इंजिनचा नाही. मोटार वाहन निरीक्षकानं वरचं मोठं झाकण काढायला लावलं, तर आत एका साध्या छोट्या गाडीचं इंजिन बसवलेलं. मी नंतर त्या निरीक्षकाला भेटलो. तो म्हणाला, "साहेब, मूळ इंजिन म्हणजे हत्ती होता. लिटरला पाचच्या वर देत नाही. हे बकरीचं बसवलंय."

पाच वर्षांपूर्वीच्या फाइलमध्ये मूळ नंबरची पेन्सिल छाप व्यवस्थित चिकटवलेली होती. म्हणजे इंजिन त्यानंतर बदललं. आणि या पाच वर्षांत गाडीला हात लावणारा माणूस एकच, छावणीतला एक म्हातारा मिस्त्री. तरुण त्याला लहानपणापासून चाचा म्हणायचा. तक्रारीत नाव सांगताना त्याची जीभ अडखळली.

"चाचांनी असं करायला नको होतं, साहेब. बाबांचा त्यांच्यावर किती जीव होता."

विश्वासघाताचा गुन्हा दाखल केला आणि मिस्त्रीला बोलावलं. सत्तरीला टेकलेला माणूस, नखांत ग्रीस, खांद्यावर धुतलेला रुमाल. मी खुर्ची दिली तर काठावरच बसला.

"चाचा, त्या लाल गाडीचं इंजिन तुम्ही काढलं का?"

"व्हय साहेब. म्याच काढलं."

मी पेन खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत पहिल्याच प्रश्नाला हो म्हणणारा आरोपी मला क्वचित भेटला होता. चोर आधी म्हणतो मी तिथं नव्हतोच, मग म्हणतो होतो पण हात लावला नाही. हा बाबा सरळ कबूल करून मोकळा.

"कुणाला विकलं?"

"विकलं नाय."

"मग कुठंय?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"का काढलं?"

"ते नाय सांगता येणार, साहेब. जबान दिलेली हाय."

"कुणाला?"

त्यानं हात जोडले. तीन दिवस लागोपाठ बोलावलं, तीन दिवस हेच. तो वेळेवर यायचा, बाकावर बसायचा, नमाजाची वेळ झाली की विचारून बाहेर जायचा आणि न बोलावता परत यायचा. मी चिडलो, आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. हवालदार माझ्या कानाशी लागला, "साहेब, जरा खाक्या दाखवू का?" मी त्याला वर्दी सांभाळायला सांगून बाहेर घालवला. पण मिस्त्रीचा मला राग येत होता हे खरं. गुन्हेगाराचा राग येत नाही एवढा. त्याचं कामच आहे ते. पण कबूल करून पुढचं न सांगणारा माणूस डोकं खातो.

या तीन दिवसांत त्याच्या गॅरेजची दशा झाली. आमची जीप एकदा दारात उभी राहिली, तेवढं पुरलं. ज्यांच्या गाड्या दुरुस्तीला होत्या, ते एकेक करून घेऊन गेले. इंजिनचोर असा बोभाटा बाजारात झाला. चाळीस वर्षं ज्याच्या हातात लोक किल्ली देऊन निर्धास्त घरी जात, त्याच्या शेडमध्ये आता एक पंक्चर स्कूटर तेवढी उरली होती. मी ते जाता-येता पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, केलं तसं भोगतोय.

चौथ्या दिवशी फुलंब्रीहून फोन आला. त्या तरुणाच्या वडिलांचं तिकडे थोडं शेत होतं, त्याच्या शेजारचा शेतकरी बोलत होता. पेपरात छोटी बातमी वाचून त्यानं ठाण्याचा नंबर मिळवला होता.

"साहेब, आमच्या बांधाला लागून त्यांची खोली हाय. पोरगं इकडं फिरकत नाय. पण दर महिन्याला एक म्हातारा येतो, कुलूप खोलतो, तासभर आत ऱ्हातो. हातात तेलाचा डबा असतो. म्हणलं तुमाला सांगावं."

पंच घेऊन आम्ही निघालो. तरुणाकडे त्या कुलपाची किल्लीच नव्हती. मिस्त्रीकडे मागितली, त्यानं निमूट काढून दिली. आत लाकडी ठोकळ्यांवर, मेणकापडात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं ते अवाढव्य इंजिन. कापड काढलं तर चकचकीत, धुळीचा कण नाही. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. फाइलमधल्या छापेशी आकडा न् आकडा जुळला.

झालं, म्हटलं. मुद्देमाल सापडला, किल्ली आरोपीकडे, कबुली तोंडी आहेच. चोरलेला माल मालकाच्याच शेतात दडवलाय, म्हणजे शोधणाऱ्याला संशयही यायचा नाही. बेरकी माणूस आहे, असं मी हवालदाराला सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, "पण साहेब, विकायचं होतं तर दोन-तीन वर्षं तेल कशाला पाजत बसला?" मी त्याला गप्प केलं. वरिष्ठ असण्याचा हा तोटा आहे, समोरचा शहाण्यासारखं बोलत असतो आणि आपण ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रीला अटक करायचं ठरलं. तो बाकावर बसला होता. मी अटकेचा पंचनामा लिहायला घेतला होता. तरुणाला पुरवणी जबाबासाठी बोलावलं होतं. इंजिन मिळाल्यानं तो सैलावला होता आणि वडिलांविषयी बोलत सुटला. गाडीवर त्यांचं किती प्रेम होतं, सिल्लोडच्या बाजारात ती शिरली की लोक कसे वळून बघायचे, ती कशी ठेवली होती.

"साहेब, एवढी जुनी गाडी, पण ॲव्हरेज बघा. सोळाच्या खाली नाही. बाबांनी मला मुद्दाम कळवलं होतं. त्यांचा आवाज मी जपून ठेवलाय. ऐकवू?"

त्यानं मोबाइल काढला. मला कामं होती, पण वडील गेलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? त्यानं बटण दाबलं आणि भारदस्त, जरा थकलेला आवाज खोलीत घुमला.

"बाळा, आज आपली लाल घेऊन सिल्लोडला गेलतो. जाऊन-येऊन आठ लिटर लागलं बघ. चाचाच्या हाताला लई गुण हाय. तू शिकून ये निवांत. आलास की हिचा खरा आवाज ऐकवतो तुला."

मी लिहिता हात थांबवला. सिल्लोड जाऊन-येऊन सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. आठ लिटर. निरीक्षक म्हणाला होता, हत्ती पाचच्या वर देत नाही. म्हणजे त्या दिवशी गाडीत हत्ती नव्हताच. वडील हयात होते, गाडी स्वतः चालवत होते, आणि लिटराचा हिशोब त्यांनी स्वतः केला होता. इंजिन बदललेलं त्यांना माहीत होतं. माहीत कसलं, त्यांनीच बदलायला लावलं होतं.

मी दाराकडे पाहिलं. मिस्त्री बाकावरून उठून उंबऱ्यात येऊन उभा होता. खांद्यावरचा रुमाल त्यानं दोन्ही हातांनी तोंडावर धरला होता आणि त्याचे खांदे हलत होते. चार दिवस माझ्या आरड्याओरड्यानं न हललेला माणूस रडत होता.

"चाचा," मी म्हणालो, "मालकच बोलले आता. तुम्ही बसा आणि सांगा."

तो तरुणाकडे पाहून बोलला, माझ्याकडे नाही.

"म्हणले व्हते, मी पोराला सांगीन, तवर तू बोलू नको. अन् सांगायच्या आत गेले. आज सांगितलं त्यांनी. आता माझी जबान सुटली."

त्या वर्षी कापसात वडिलांना जबर खोट बसली होती. मुलाची परदेशातली फी भरायची होती. गाडी विकली असती तर बाजारात कळलं असतं की शेठ बुडाला, आणि व्यापाऱ्याची पत गेली की उद्याचा माल बंद. दारात नुसती उभी ठेवली असती तरी लोकांनी विचारलंच असतं. चालवायची, तर पेट्रोल परवडेना. मग दोघांनी डोकं लढवलं. भंगारातून एका छोट्या गाडीचं इंजिन घेतलं, मिस्त्रीनं त्याला बैठक घडवली, वर मूळ झाकण बसवलं, आणि सायलेन्सर असा बनवला की आवाज जुन्यासारखा घुमावा. शेठ बाजारातून गाडी सावकाश न्यायचे. लोकांना वाटायचं, काय रुबाब आहे. पळवायची म्हटली तरी पळालीच नसती.

"पोराला कळलं तर शिक्षण सोडून यील, म्हणाले. तो कमावता झाला की परत बसवायचं. म्हणून जपलं. महिन्याला जाऊन तेल देतो, हातानं फिरवतो. नायतर जाम होतंय ते."

पोलिसाचं समाधान रडण्यावर होत नाही. मी विचारलं, कागद काही आहे का? त्यानं गॅरेजमधला पत्र्याचा डबा आणायला सांगितलं. त्यात भंगारवाल्याची पावती होती, छोट्या इंजिनची, वडिलांच्या नावाची, खाली त्यांची सही. तरुणानं सही ओळखली. मग तो उठला आणि मिस्त्रीच्या पायाशी वाकला. मिस्त्रीनं त्याला वरच्यावर धरलं. मी उगाच खिडकी उघडायला गेलो. मला फार बरं वाटत होतं आणि ते हवालदाराला दिसू द्यायचं नव्हतं.

"चाचा, तुम्ही मला का नाही हो सांगितलं? मी तुमच्यावर केस केली."

"तुमी केली ते बरोबरच केलं, बेटा. तुमाला काय ठावं."

तक्रार खोटी नव्हती, आणि गुन्हा घडलाही नव्हता. गैरसमजातून झालेल्या अशा तक्रारींसाठी आमच्याकडे 'क' समरी असते, म्हणजे खटला न भरता तपास बंद करायचा. तसा अहवाल न्यायालयात पाठवला. मिस्त्रीनं मूळ इंजिन स्वतः परत बसवलं. परवानगीशिवाय इंजिन बदलल्याचा दंड तरुणानं भरला, पर्यावरण कर भरला, नूतनीकरण झालं. नंबरावर पेन्सिल घासायला निरीक्षकानं मिस्त्रीलाच सांगितलं. म्हाताऱ्यानं आधी रुमालानं हात पुसले, मगच कागद धरला.

त्या प्रकरणापासून एक सवय मला लागली आणि नोकरी संपेपर्यंत टिकली. गप्प बसणाऱ्या माणसाला मी 'काय लपवतोस' असं विचारणं सोडलं. 'कुणासाठी गप्प आहेस' असं विचारू लागलो. दरवेळी उत्तर चांगलंच निघालं असं नाही, पण पेन उचलण्याआधी मी थांबू लागलो. तो अर्धा लिहिलेला कागद मी फाडला नाही, फाइलच्या मागं बरेच दिवस ठेवला होता.

आरटीओतून गाडी सुटली त्या संध्याकाळी मी साध्या कपड्यांत छावणीच्या बाजारात भाजी घेत होतो. लांबूनच आवाज आला. असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, पोटातून येणारा, दुकानांचे पत्रे हलवणारा. लाल गाडी बाजारातून माणसाच्या चालीनं येत होती. तरुण चालवत होता. शेजारच्या सीटवर मिस्त्री, अंगात धुतलेला कुडता, हात कुठं ठेवावेत हे न कळून मांडीवर ठेवलेले. मिस्त्रीकडून आपल्या गाड्या काढून नेलेले दुकानदार पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. तरुणानं एकेका दुकानापुढे गाडी थांबवली आणि प्रत्येकाला मोठ्यानं सांगितलं, "इंजिन चाचांनी जपलं होतं. माझ्या बाबांचं."

माझ्यापाशी आल्यावर तो खिडकीतून डोकावला आणि हसून म्हणाला, "साहेब, आता पाचचं देते."

मिस्त्री समोर बघत म्हणाला, "देऊ द्या. पोरगा कमावता झालाय."