आजीकडची मुलं

इनास तुस्कानोंना राग आला की ते आधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवत. अगदी सावकाश, पट्टा सरळ करून. घड्याळ टेबलावर आलं की आम्ही आपापले कॉफीचे मग उचलून हातात घ्यायचो, कारण पुढच्या क्षणी तिथे मूठ आदळणार हे ठरलेलं असे. मी नोकरीला लागले त्याच सकाळी एक स्टेपलर माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या भिंतीला खोक पाडून खाली पडला. तो प्रिंटरवर फेकला होता, असं त्यांनी नंतर समजावलं. "तुझ्यावर कशाला फेकू बाय? तू अजून काही चुकलीच नाहीस," असं म्हणून ते गडगडाटी हसले. मला काही हसू आलं नाही. त्या दुपारीच राजीनामा देणार होते, पण नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती आणि मुलाच्या शाळेची फी तोंडावर होती, म्हणून गप्प बसले.

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका टॉवरमध्ये आमचं ऑफिस होतं. काम काय करता असं कुणी विचारलं की सांगताना माझीच पंचाईत होई. अमेरिकेत आदिवासी जमाती स्वतःची पाळणाघरं चालवतात. त्यांना तिथलं केंद्र सरकार पैसे देतं, पण त्याआधी कागद मागतं. जमातीची मुलं किती, हे प्रमुखाच्या सहीनिशी हवं. पाळणाघरात काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस चौकशी झालेली हवी. मुलांना मारणार नाही, कोंडणार नाही, उपाशी ठेवणार नाही, याचे लेखी नियम हवेत. हे कागद जुळवून सरकारी पोर्टलवर चढवण्याचं कंत्राट आमच्या कंपनीकडे होतं. म्हणजे डोंबिवलीची मी आणि वसईचे इनास सर, दुबईत बसून, कधीही न पाहिलेल्या बाळांची कागदपत्रं करत होतो.

आणि मुलांवर हात उचलू नये हा नियम इंग्रजीत घोटून घोटून लिहिणारा माणूस असा होता. बैलासारखी मान, कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत गेलेला जुना व्रण. केळीच्या घडाला टेकू देतात तो बांबू बापाने मारला होता, ही हकीकत ते लग्नाची गोष्ट सांगावी तशी रंगवून सांगत. दुबईत आल्यावर कितीतरी वर्षं अल क्वोजच्या एका टायपिंग सेंटरमध्ये त्यांनी लोकांचे व्हिसाचे अर्ज टाइप केले होते. कामगार, त्यांच्या बायका, पोरं, सगळ्यांचे. त्या कामाने त्यांच्या बोटांना वेग आला होता आणि मताला धार. "कागद मुडद्यासारखा असतो बाय, ओरडत नाही. म्हणून आपण ओरडायचं," असं ते म्हणत आणि खरंच ओरडत. एका फाइलमध्ये पोलीस चौकशीचा दाखला नव्हता तेव्हा त्यांनी ती फाइल दोन्ही हातांनी फाडली, जिने केली होती तिच्या डोक्यावर तुकडे टाकले आणि म्हणाले, "उद्या तिथे कुणी जनावर कामाला लागलं आणि पोराला हाणलं, तर त्या पोराची माफी मागायला जाशील तू? यल्ला, परत कर."

ती मुलगी रडली. तिने फाइल परत केली, आणि दाखला नसलेला तो माणूस खरोखरच कामावर ठेवण्यासारखा नव्हता असं निघालं. पण म्हणून डोक्यावर कागद फेकायचे? मी त्यांना तसं तोंडावर विचारलं. त्यांनी घड्याळ काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत बांधलं. तेव्हापासून आमचं जमलं.

त्यांचा हात खरोखर चाललेला मी पहिल्यांदा पाहिला तो इमारतीच्या पार्किंगमध्ये. माझा मुलगा वेद माझ्याबरोबर होता. खालच्या मजल्यावर एक बाप आपल्या सातआठ वर्षांच्या मुलाला पट्ट्याने झोडपत होता. पोराने सायकल गाडीला घासली होती, एवढंच. पट्ट्याचा आवाज त्या सिमेंटच्या तळघरात घुमत होता आणि आजूबाजूचे लोक आपापल्या गाड्यांच्या चाव्या शोधत होते. इनास सर धावत गेले. पट्टा हिसकावला आणि त्या माणसाच्या पाठीवर, खांद्यावर, तोंडावर सपासप ओढला. तो खाली पडला तरी थांबेनात. शेवटी त्यांनी त्याचं मनगट धरून मागे पिरगाळलं. त्यातून आलेला आवाज मला अजून ऐकू येतो. मुलगा आता बापासाठी किंचाळत होता.

"मम्मा, इज ही अ बॅड गाय?" वेदने माझ्या कुर्त्यात तोंड खुपसून विचारलं. कोण, असं मी विचारलं नाही. 

पोलीस स्टेशनात तडजोड झाली. मुलाच्या अंगावरचे वळ दाखवावे लागतील म्हणून बापाने तक्रार केली नाही. अधिकाऱ्याने दोघांकडे पाहून "खलास?" असं विचारलं, आणि दोघेही "खलास" म्हणाले. सरांना घरी सोडायला मी गाडी काढली. बराच वेळ ते आपल्या तळव्यांकडे बघत होते.

"मला त्याचा हात ओळखू आला गं," ते म्हणाले. "हात वर जाताना खांदा कसा जातो ते मला माहीत आहे. आमच्या घरचाच आहे तो."

मग त्यांनी आपल्या मुलीची, अनिशाची गोष्ट सांगितली. ती सहा वर्षांची असताना गणित चुकलं म्हणून त्यांनी तिच्या कानाखाली एक वाजवली. एकच. पडदा फाटला, कानातून रक्त आलं. आता त्या कानाने तिला ऐकू येत नाही. बायको, नर्स होती ती, त्याच आठवड्यात सोडून गेली आणि पुढे कुवेतला नोकरीला लागली. पोर वसईला, सरांच्या आईकडे राहिली. "मीच सोडून आलो," ते म्हणाले. "माझ्यापासून लांब असेल तेवढी बरी. सुट्टीत गेलो तरी भावाकडे झोपतो. तिला विचार, तू कोणाची? आजीची म्हणते. बरोबर म्हणते." सांगताना ते रडले नाहीत. गाडीच्या डॅशबोर्डवर मूठ आपटली आणि माझी गणपतीची छोटी मूर्ती खाली पडली, ती उचलून पुसून परत चिकटवली.

आता मुख्य गोष्ट.

आमच्याकडे एका छोट्या जमातीचं पाळणाघर होतं. चालवणाऱ्या बाईंना सगळे मिस डोरिस म्हणत. वयस्कर, खर्जातला आवाज, बोलणं अगदी संथ. त्या वर्षी त्यांच्या मुलांची यादी सरांनी स्वतः तपासली, आकडा काढला, आणि सह्या होऊन तो पोर्टलवर गेलासुद्धा. आठवडाभराने मिस डोरिसचा फोन आला. संध्याकाळची वेळ होती, त्यांच्याकडे सकाळ. सरांनी फोन स्पीकरवर घेतला. आकडा निम्म्यावर आला आहे, त्या म्हणाल्या. सही करताना आमच्या प्रमुखांनी तुमच्यावर विश्वास ठेवला. एवढ्या मुलांचेच पैसे आले तर तान्ह्या बाळांची खोली बंद करावी लागेल. आमची बाकीची मुलं कुठे गेली?

"मॅडम, त्या मुलांचे आईबाप तुमच्या पत्त्यावर राहतच नाहीत," सर गरजले. "कॉलममध्ये नुसती आजी. आई नाही, बाप नाही. मी कशी घेणार?"

मी चमकून बघितलं. नियम आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होता. आपलं मूल कोणतं हे जमात ठरवते. आईबापांचा पत्ता कुणी मागितलेलाच नव्हता. पण दुबईत मूल असतं ते बापाच्या व्हिसावर, नाहीतर आईच्या. आजीच्या व्हिसावर मूल असल्याचं इथे कुणी ऐकलेलं नाही. टायपिंग सेंटरमध्ये ज्या पोराचा बाप सापडत नाही त्याचा अर्ज बाजूला काढायची सवय सरांच्या बोटांना लागली होती, आणि बोटांनी ती मुलं बाजूला काढली होती.

मिस डोरिसचा आवाज चढला. मी तो तसा कधी ऐकला नव्हता. "तुम्ही आहात कोण माझी मुलं पुसायला? बाप कुठे गेला हे मी कुठल्याच आजीला विचारत नाही. मूल कुठे न घाबरता झोपतं एवढंच विचारते. ते आजीकडे झोपतं. म्हणून ते तिथे आहे. आणि जे तिथे आहे ते आहे, मिस्टर! तुमच्या कागदात बसो नाहीतर न बसो."

सरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. आम्ही कॉफीचे मग उचलले, पण टेबलावर मूठ आली नाही. त्यांनी उजव्या हाताचा तळवा उघडला आणि स्वतःच्या कानावर मारला. मग आणखी एक, मग आणखी. पूर्ण ताकदीने. मी त्यांच्या हाताला लोंबकळले तेव्हा कुठे थांबले. कान लालभडक झाला होता. फोनवरून मिस डोरिस विचारत होत्या, "व्हॉट इज दॅट साउंड?"

"नथिंग मॅडम," ते म्हणाले. "माय मिस्टेक. ऑल चिल्ड्रन विल कम बॅक."

दुरुस्तीची मुदत अजून होती. मिस डोरिसने प्रमुखांच्या सहीचा नवा कागद दुसऱ्याच दिवशी पाठवला. तो फक्त पोर्टलवर चढवायचा होता, आणि पोर्टलचा पासवर्ड आमच्या मालकांकडे, चावलांकडे असे. चावलांनी साफ नकार दिला. "इनास भाई, करेक्शन डाला मतलब गलती मान ली. बाकी क्लायंट्स क्या सोचेंगे? एक छोटा सा सेंटर है. जाने दो, अगले साल देखेंगे." सरांनी समजावलं, हात जोडले, चूक माझी आहे असं लिहून देतो म्हणाले. शेवटच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या मागोमाग केबिनमध्ये गेले, कारण त्यांचा वर चढलेला खांदा मला आवडला नव्हता.

चावला हसून म्हणाले, "यार, जिन बच्चों के माँ-बाप को फिकर नहीं, तुझे क्यों है?"

पुढचं सगळं फार लवकर झालं. सरांनी टेबलावरून हात घालून त्यांची कॉलर धरली आणि त्यांना टेबलावरून ओढलं. काच फुटली. चावलांचं डोकं व्हाइटबोर्डवर आपटलं, एकदा, दोनदा. नाकातून रक्ताची धार लागली. मी सरांच्या पाठीवर मुठी मारत होते, ओरडत होते, त्यांना ते जाणवतही नव्हतं. "बोल!" एवढंच ते म्हणत होते. "पासवर्ड बोल!" चावलांनी रक्त थुंकत पासवर्ड सांगितला.

सर चावलांच्याच खुर्चीत बसले. त्यांच्या हातात काच घुसली होती. रक्ताने ओल्या बोटांनी त्यांनी पोर्टल उघडलं, नवा आकडा टाकला, सहीचा कागद जोडला, आणि मला म्हणाले, "बाय, बघ गं एकदा, सगळी आली ना?" बाहेर सिक्युरिटीवाले दारावर धडका देत होते. मी रडत रडत यादी ताडून पाहिली. आली होती. त्यांनी बटण दाबलं आणि स्वतः उठून दार उघडलं.

या कृत्याचं मी समर्थन करत नाही. चावलांच्या भुवईला टाके पडले, आणि माणूस कितीही हलकट असला तरी त्याचं डोकं फोडायचा अधिकार कुणाला नाही. पण त्या दिवशी मी मनातून इनास सरांच्या बाजूची होते, हेही खरं आहे, आणि लपवायचं कारण मला दिसत नाही. चावलांनी काही दिवसांनी केस मागे घेतली. भांडण कशावरून झालं हे पोलिसांच्या कागदावर त्यांना नको होतं. अट एकच होती, याने देश सोडावा. व्हिसा रद्द झाला. बाळांची खोली चालू राहिली, असं मिस डोरिसने कळवलं, तेव्हा सर विमानात होते.

मे महिन्यात रजा काढून मी वसईला गेले. ते भावाच्या घरी राहत होते, पण रविवारी आईकडे जेवायला जात, तिथेच मला बोलावलं. अंगणात लांबलचक टेबल मांडलं होतं. सर वेताच्या खुर्चीत बसले होते, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून. मला वाटलं, हाताच्या जखमा अजून दुखतात. त्यांच्या आईने हळूच सांगितलं, "पोरीची अट आहे. मी समोर असताना तुमचे हात मला मोकळे दिसायला नकोत, असं पहिल्याच रविवारी बोलली. तिचं जेवण होऊन ती उठली की मगच हा जेवतो."

अनिशा आता सोळा वर्षांची आहे. बापासारखीच मान, बापासारखंच ताठ बसणं. ती आमच्याशी भरभरून बोलली, कॉलेजचं, मैत्रिणींचं. सर मान खाली घालून ऐकत होते. एवढा दांडगा माणूस, पण खांदे पार पडलेले. तिचं जेवण झालं. मी वाट बघत होते, आता उठेल. ती उठली नाही. तिने भाताचं भांडं पुढे ओढलं, सरांच्या ताटात वाढलं, वर माशाचं कालवण घातलं आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"पप्पा, हात काढा," ती म्हणाली. "जेवा."

सरांनी आधी आईकडे पाहिलं. मग उजवा हात मांडीखालून बाहेर काढला. तळव्यावर वेताची नक्षी उमटली होती. तो हात टेबलावर आला तशी अनिशाने आपली खुर्ची वीतभर मागे घेतली. पण बसून राहिली.