घोंगडीला न भिणारी पाखरं

मल्हारीने मेंढरं विकली त्याला चार वर्षं झाली. वाटूर गावाच्या मागचा चराईचा माळ कुणीतरी तारेचं कुंपण घालून बंद केला, गुडघ्यांनी दगा दिला, आणि त्याच उन्हाळ्यात आसराबाई गेली. घरात उरली तिची थंड चूल आणि याची काळी घोंगडी. चुलीसमोर बसवेना, म्हणून हा घोंगडी खांद्यावर टाकून रोज सकाळी तळ्यावर जाऊन बसायला लागला. गावानं म्हातारा चळला असं ठरवून टाकलं. गावाला दुसरं येतं काय?

पहिल्या हिवाळ्यात ती पाखरं दिसली तेव्हा त्याला आधी हसू आलं. केवढं ते धूड, केवढेसे ते पाय, आणि चोचीखाली लोंबणारी झोळी! काठावर चालायला लागली की लुगडं सावरत निघालेल्या जाड्या बायांसारखी दिसायची. पण एका सकाळी त्यातली दहा-बारा पाण्यात अर्धगोल करून निघाली. पंख आपटत, मासळी पुढं रेटत, हळूहळू उथळाकडे. मल्हारी गुडघ्याचं दुखणं विसरून उभाच राहिला. हे काम त्याचं होतं! जन्मभर त्याने हेच केलं होतं: दोघांनी कडेनं यायचं, एकानं मागून रेटायचं, घाई करायची नाही, आणि कळप वाड्यात कोंडायचा. सगळ्या चोची एकदम पाण्यात गेल्या, झोळ्या फुगल्या, पाणी गळून गेलं आणि माना वर झाल्या. त्या दिवशी आसराबाईच्या माघारी पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

पण पाखरं होती भित्री. माणूस दिसला की तळ्याच्या पार मधोमध जायची. मल्हारीला घाई नव्हती. नवं मेंढरू विकत आणलं की महिनाभर अंगावरची घोंगडी बदलायची नाही, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलेलं. मेंढरू तोंड ओळखत नाही, घोंगडी ओळखतं. तोच धडा त्याने इथं गिरवला. तीच वेळ, तीच घोंगडी, डोक्यावरून घेतलेली. खोकला आला तरी गिळायचा. आठवड्याला एक पाऊल पुढं. तिसऱ्या हिवाळ्यात ती पाखरं त्याच्यापासून दहा हातांवर चोच पाठीत खुपसून झोपायला लागली. त्यांच्या डोळ्याभोवतालची सुरकुती त्याला दिसायची.

जुन्या जालन्याहून निवेदिता यायची, बँकेत नोकरीला होती. रविवारी पहाटे निघून भलामोठा कॅमेरा गळ्यात अडकवून ती तळ्यावर पोचायची. या पाखरांना पेलिकन म्हणतात, हे मल्हारीला तिनंच सांगितलं.

"बाबा, आम्हाला बघून तर ते लगेच उडतात. तुम्ही काय जादू केलीत?" तिनं विचारलं.

"जादू कायची? माणसाला भितेत ते. घोंगडीला न्हाई भीत."

हे वाक्य त्याने पुढं चहाच्या टपरीवर सांगितलं, पारावर सांगितलं, विचारलं नसलं तरी सांगितलं. उभ्या आयुष्यात म्हाताऱ्याने मिरवलेली ही एवढीच गोष्ट.

शिवशंकर हा त्याच्या बहिणीचा मुलगा. तळ्यातल्या मासेमारीचा ठेका घेतलेल्या माणसाकडे राखणदार होता. माघातल्या एका संध्याकाळी तो घरी आला.

"मामा, दोन दिवस घोंगडी द्या. तळ्यावर थंडी लई वाजून राह्यली."

मल्हारीने घोंगडी झटकून, घडी घालून दिली. भाचा आपल्याकडे काही मागायला आला, याचंच त्याला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी तो आसराबाईची गोधडी पांघरून तळ्यावर गेला. त्याच्या रोजच्या जागेवर चार पाखरं पडली होती. दांडक्यानं डोकी फोडलेली. एकाच्या झोळीतून मासळीचं शेपूट बाहेर आलं होतं. शेजारच्या बाभळीवर त्याची घोंगडी टांगलेली होती आणि तिच्या काठाला रक्त वाळलं होतं. शिवशंकर खाली मान घालून बांधावर बसला होता.

"मालक म्हणला, पाखरं मासे खाऊन राह्यली. त्यायला हटव, न्हाईतर तू हट. दगडं मारली, फटाके लावले. जातेत अन् परत येतेत. मंग तुमचं बोलणं आठवलं."

मल्हारीने बाभळीवरून घोंगडी काढून घेतली.

"बिलकुल हालले न्हाईत, मामा. पयल्याला मारलं तरी बाकीचे बसूनच होते."

रविवारी निवेदिता आली आणि रडली. मग तिनं कागद काढला. "कुणी केलं, बाबा? नाव सांगा, मी तक्रार करते."

आपलेच दात, आपलेच ओठ. "घोंगडी माझी होती," तो म्हणाला. "माझं नाव लिहा." तिनं काही लिहिलं नाही. कागद परत पिशवीत गेला.

मल्हारीने घोंगडी तीनदा धुतली आणि पुन्हा तळ्यावर जाऊन बसला. आता तिथं कुणी येणार नाही, अशी त्याची खात्री होती. पण उरलेली आठ पाखरं पाण्यातून सरळ त्याच्याकडे आली, काठावर चढली आणि दहा हातांवर पंख साफ करत बसली. शिवशंकर नाही तर उद्या दुसरा कुणी येईल. घोंगडी काय, गावात दर दुसऱ्या घरी आहे.

दुसऱ्या दिवशी तो कमरेला गोफण खोचून गेला. पाखरं आली, बसली. त्याने पहिला दगड त्यांच्या बाजूला टाकला. त्यांनी नुसतं पाहिलं. दुसराही बाजूलाच टाकला. तिसरा त्याने मारला. एकाच्या पंखावर बसला, आणि सगळी धडपडत उडाली. पुढचा पंधरवडा रोज त्याचं हेच काम चाललं.

"घोंगडी काढून दुसरं काही पांघरून बसा ना, बाबा," निवेदिता म्हणाली.

"मंग त्याला सरावतेल. अन् उद्या तेबी कुणी उचलंल."

यंदा पाखरं परत आली. मल्हारी अंगावर घोंगडी घेऊन बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला उभा राहिला. इतक्या लांबून त्याला त्यांच्या चोचीही दिसत नव्हत्या. त्याने हात उचलला नाही, गोफण तर घरीच होती. तरी सगळी पाखरं एकदम उठली आणि दिसेनाशी झाली. त्याला फार बरं वाटलं. मग तो तिथंच बसला आणि पोरासारखा रडला.